चाळीस मिनिटांत सात ठिकाणं, बुकिंग शून्य

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते. तीन वर्षांपासून घरातूनच टूर बुकिंगचं काम करते. त्याआधी शाहूपुरीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात सहा वर्षं तिकिटं, हॉटेलं बघत होते. सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडली. आतापर्यंतचे ग्राहक म्हणजे नातेवाईक, मिस्टरांच्या ऑफिसातले लोक आणि मुलीच्या शाळेतल्या मुलांच्या आया. ते आता संपत आले. म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी सात वाजता झूमवर कार्यक्रम ठेवला. सहाशे जणांना मेसेज केला, त्रेचाळीस जण आले. काश्मीर, केरळ, राजस्थान, चारधाम, दुबई, थायलंड, युरोप, सगळ्याचे स्लाइड केले होते. चाळीस मिनिटांनी मीटिंग आपोआप बंद पडली. परत लिंक टाकली तर अकराच जण आले. 'आज बुक केलं तर पाच टक्के सूट' असंही सांगून बघितलं. एकही बुकिंग नाही. दुसऱ्या दिवशी एकच फोन आला, तोही 'तिरुपतीच्या हरिप्रिया एक्स्प्रेसची चार तिकिटं काढून देता का' म्हणून. सासूबाई म्हणतात, 'दिसभर फोनवर बोलतीया, हातात काय पडतंय?' (त्या स्वतः भजनी मंडळाच्या ग्रुपवर तासभर असतात, ते सोडा.) मिस्टरांचं म्हणणं, राजारामपुरीत गाळा भाड्यानं घेऊ, मग लोक विश्वास ठेवतील. ऑनलाइन कार्यक्रमातून खरंच ग्राहक मिळतात का? की गाळाच घ्यावा?"

ताई,

गाळा नको. निदान या वर्षी तरी नको, कारण पुढं येतंच. आधी त्या रविवारचं बघू.

त्रेचाळीस माणसं रविवारी संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ खायची सोडून तुमच्यासाठी मोबाईल धरून बसली. तेव्हा बोलावणं काही चुकलं नाही, चुकलं ते पान वाढताना. सात ठिकाणं आणि मिनिटं चाळीस, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटंसुद्धा नाहीत. तेवढ्यात शिकारा दिसतो, हाउसबोट दिसते, बुर्ज खलिफा दिसतो. हे सगळं लोकांनी यूट्यूबवर तुमच्यापेक्षा चांगल्या कॅमेऱ्यातून कधीच बघून टाकलंय. खासबागेच्या कुस्ती मैदानात सुरुवातीला लहान पोरांच्या चार-चार जोडी एकदम लागतात, तेव्हा मैदानात माणसं शेंगा सोलत असतात. शेवटची मोठी कुस्ती लागली की सगळ्यांची तोंडं एकीकडं वळतात. तुमच्या त्या संध्याकाळी सगळ्याच लहान कुस्त्या होत्या.

मी बँकेत पंचवीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. समोर बसलेला माणूस व्याजदर विचारायचा. पण त्याच्या पोटात वेगळंच असायचं: हप्ता चुकला तर घरी माणसं येतात का? भावाला कळेल का? ते तो विचारायचा नाही, कारण लाज. ज्या दिवशी मी न विचारताच त्याचं उत्तर द्यायला शिकलो, त्या दिवसापासून माणसं माझ्याच टेबलाकडं यायला लागली. सहलीचंही अगदी तसंच आहे. 'दर काय?' हा तोंडावरचा प्रश्न झाला. आतला प्रश्न असा असतो: आईला रात्री तीनदा उठावं लागतं, बसच्या प्रवासात काय करायचं? इन्सुलिन विमानात नेऊ देतात का? इमिग्रेशनच्या खिडकीवर इंग्रजीत काय बोलायचं? आठ दिवस भाकरी मिळाली नाही तर बाबा चिडचिड करतील त्याचं काय? सहलीची हौस लोकांना भरपूर आहे, ती तुम्ही लावायची गरज नाही. माणूस कुठंतरी अडलेला असतो, आणि अडला आहे हे चारचौघांत सांगत नाही. तुमचा कार्यक्रम त्या अडलेल्या जागेवर असला पाहिजे.

म्हणजे काय, ते तुमच्याच सातांतला एक विषय घेऊन सांगतो. चारधाम घ्या. पण कार्यक्रमाचं नाव 'चारधाम यात्रा' ठेवू नका. 'गुडघे दुखतात, तरी चारधाम जमेल का?' असं ठेवा. आता बघा, बोलायला किती आहे. चारांपैकी बद्रीनाथ आणि गंगोत्री इथं गाडी देवळाच्या बऱ्यापैकी जवळ जाते. यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटरची चढण आहे. केदारनाथला गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरच्या आसपास, आणि मंदिर ३,५८३ मीटरवर. आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळासुद्धा हजार मीटरच्या आत. ज्यांना पन्हाळ्यावर तीन दरवाजापर्यंत जाताना धाप लागते, त्यांना हा आकडा असा सांगितला की लगेच समजतो. घोडा आहे, डोली आहे, हेलिकॉप्टर आहे. हेलिकॉप्टरचं बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरून होतं आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटवर पैसे भरून लोक फसतात. यात्रेची नोंदणी सक्तीची आहे. एवढं सांगून झालं की एखाद्या काकूंना सरळ म्हणा, "काकू, तुम्ही या वेळी बद्रीनाथ आणि गंगोत्री करा, केदारनाथाला इथूनच नमस्कार. आणि तीही ठिकाणं ३,१०० मीटरच्या आसपास आहेत, तेव्हा दम्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर, मग मी."

एजंट स्वतःहून 'जाऊ नका' म्हणतोय हे बाकीच्या पंधरा जणांनी ऐकलं, की त्यांच्या मनात तुमची जागा बदलते. काकू दोन धामांना जातील किंवा जाणारही नाहीत, पण त्यांची सून थायलंडला जाताना तुम्हालाच फोन करेल. पाच टक्के सूट देऊन हे होत नाही. उलट 'आजच बुक केलं तर' म्हटलं की आपल्याकडचा माणूस सावध होतो, कारण असं बोलणारी माणसं त्याला एरवी प्लॉट विकायला येतात.

मी स्वतः एकदा एका सहल कंपनीच्या ऑनलाइन कार्यक्रमाला बसलो होतो. काश्मीरवर होता. दोन तास चालला, बर्फ पोटभर दाखवला. मी विचारलं, "घोड्यावर किती वेळ बसावं लागतं?" मला म्यूट केलं. अजून काश्मीरला गेलेलो नाही.

सहाशे जणांना मेसेज करायचं बंद करा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणजे तुमच्या सहाशेतल्या निम्म्यांना कळलंही नसेल. शिवाय सहाशे जणांचा म्हणून एक प्रश्न नसतो. एका गोतावळ्याचा असतो. निवृत्त शिक्षकांचा असतो, एका कॉलनीतल्या भिशीचा असतो, रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या कट्ट्याचा असतो, मुलं पुण्या-बेंगळुरूला असणाऱ्या आईबापांचा तर हमखास असतो. आणि तुमच्या घरात एक तयार गोतावळा बसलेला आहे, त्याच्याकडं तुमचं लक्ष कसं गेलं नाही याचंच मला नवल वाटतं. सासूबाईंचं भजनी मंडळ!

हसू नका. चारधामचा पहिला कार्यक्रम त्यांच्यासाठीच करा. सासूबाईंना समोर बसवून आदल्या दिवशी सगळं एकदा बोलून दाखवा. त्यांनी मध्येच अडवून प्रश्न विचारला तर तो मुद्दा राहिलाय असं समजा. त्या पेंगल्या तर तेवढा भाग कापा. आणि आमंत्रण तुमच्याकडून जाऊ देऊ नका, मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्याच आवाजात जाऊ दे: "मंगळवारी चारला माझी सून चारधामचं सांगणार हाय, बसा सगळ्याजणी." तुमच्या रंगीत पोस्टरपेक्षा ते वीस सेकंद जास्त चालतील. हातात काय पडतंय हे विचारणारं माणूसच आवतण द्यायला लागलं की घरातलं वातावरणही जरा हलकं होतं, हा वरकड फायदा.

वेळेचं म्हणाल, तर रविवारी सात ही सगळ्यात वाईट वेळ. माणसं घराबाहेर असतात, किंवा पाहुणे आलेले असतात. बायकांच्या मंडळाला दुपारी चार बरे, नोकरदारांना जेवणं झाल्यावर रात्री नऊ. मात्र तासापेक्षा महिना महत्त्वाचा, आणि इथं तुमच्यासारख्या घरच्या एजंटाचा मोठ्या कंपनीवर वरचष्मा आहे, कारण तुम्हाला गावाचं पंचांग माहीत आहे. केदारनाथाची दारं उघडायची तारीख महाशिवरात्रीला जाहीर होते, बद्रीनाथाची वसंत पंचमीला. त्या दिवसांत लोकांच्या तोंडी तोच विषय असतो, तुमचा कार्यक्रम त्याच आठवड्यात हवा. युरोपला मे महिन्यात जायचं असेल तर बोलणं दिवाळीतच व्हायला पाहिजे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याकडं जावं लागतं, आणि मे महिन्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला येतो. भाऊबीजेला सगळं घर एकत्र जमलेलं असतं, निर्णय तिथंच होतो. रेल्वेनं जाणारी सहल असेल तर लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलंय. तुमची चर्चा त्या ६० दिवसांच्या थोडी आधी संपली पाहिजे, म्हणजे खिडकी उघडेल त्या सकाळी नावं तयार असतील. कागल-शिरोळकडचा ग्राहक असेल तर उसाचं बिल हातात पडल्याशिवाय विषय काढू नका. दूध संस्थांच्या दरफरकाचे पैसे दिवाळीच्या आधी मिळतात, तेही धरा. आणि पितृपंधरवड्यात लिंक पाठवायच्या भानगडीत पडू नका. लोक येतील, ऐकतील, 'नंतर बघू' म्हणतील, आणि ते नंतर कधी येत नाही.

आता ते चाळीस मिनिटांचं. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांची मर्यादा आहे, गूगल मीटवर तिघं किंवा जास्त असले की साठची. तुम्हाला तो अडथळा वाटला, मला ते देवानं दिलेलं घड्याळ वाटतं. पस्तीस मिनिटांत संपवायचं असं ठरवूनच बसा: पंधरा मिनिटं तुमची, वीस मिनिटं त्यांच्या प्रश्नांची. पैसे भरून वेळ वाढवू नका. वेळ वाढला की तुमचे स्लाइड वाढतील. भजनी मंडळासारखा वीस-पंचवीस जणींचा घोळका असेल तर झूमसुद्धा कशाला, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर ३२ जण बसतात आणि त्या ॲपवर त्यांचा हात बसलेला असतो. झूम वापरलंच, तर आदल्या दिवशी 'लिंकवर बोट ठेवा, मग नाव विचारेल' असा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा. दारावर लेकीला बसवा. आलेल्यांना आत घेणं, कुणाच्या घरातला कुकर शिट्ट्या मारायला लागला की त्यांना म्यूट करणं, विचारलेले प्रश्न कागदावर उतरवून घेणं, हे काम तिचं. तुम्ही बोलता बोलता हे सगळं करायला गेलात तर दोन्हीकडं विचका होतो. उजेड तोंडावर येईल असं खिडकीकडं तोंड करून बसा, आणि इंटरनेट गेलं तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. यंत्राचं एवढंच.

स्लाइडचं एक सांगतो. इंटरनेटवरून उचललेली हॉटेलांची चित्रं लावू नका. तीन वर्षांत तुम्ही ज्यांना पाठवलंत त्यांनी काढलेले फोटो मागून घ्या, त्यांना विचारून लावा. वाकडे, अंधारलेले असले तरी चालतील. शक्य असेल तर त्यांच्यातल्याच एकाला पाच मिनिटं बोलायला बसवा. त्याला पढवू नका. तो म्हणू दे, की तिसऱ्या दिवशीचं हॉटेल काही खास नव्हतं, आणि ताईंना फोन केल्यावर त्यांनी रात्री खोली बदलून दिली. तुम्ही स्वतःच्या तोंडानं 'आमची सर्व्हिस चांगली' असं दहा वेळा म्हणालात तरी त्या एका वाक्याची बरोबरी व्हायची नाही.

प्रश्न यायला लागले की त्यांची नीट, नेमकी उत्तरं द्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवायचं, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, चेक-इनच्या सामानात टाकायचं नाही. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक असलेली बरी, बरेच देश तेवढी मागतात. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्टसाठी मुंबई-पुण्याला पळायला नको, कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. आणि नावांचा घोळ! एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. आधारवर 'राव' नाही, पॅनवर आहे. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरनअक्षर जुळलं पाहिजे, हे अर्ध्या कोल्हापूरला विमानतळावर कळतं. हे सांगताना हातचं राखू नका. 'सगळं फुकट सांगितलं तर माझ्याकडं का येतील?' असं वाटेल. येतील. माहिती मिळाल्यावर माणसाला कळतं की हे काम किती किचकट आहे, आणि मग ते दुसऱ्यावर सोपवावंसं वाटतं.

दराबद्दल मात्र आढेवेढे नकोत. 'इनबॉक्स करा', 'पर्सनलवर बोलू' म्हटलं की संशय येतो. आकडा सांगा, आणि त्यात काय नाही तेही लगेच सांगा: घोडा नाही, दुपारचं जेवण नाही, टिप नाही. जीएसटी किती लागणार ते सांगा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर, कापला जातो. त्याचे टक्के अर्थसंकल्पात बदलत राहतात, म्हणून कार्यक्रमाच्या आधी सीएला फोन करून चालू दर विचारून घ्या. पण तो पैसा तुमच्या खिशात जात नाही, ग्राहकाच्या पॅनवर जमा दिसतो आणि विवरणपत्र भरताना त्याला वळता करून घेता येतो, हे समजावून सांगा. या एका मुद्द्यावर 'एजंट जास्त लावतोय' असा गैरसमज घेऊन लोक परततात.

त्या संध्याकाळी अ‍ॅडव्हान्स मागू नका. कुणी स्वतःहून देतो म्हणालं तरी 'उद्या बोलू' म्हणा.

कारण खरं काम उद्या सकाळी आहे, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही. त्रेचाळीस जण आले, अकरा परत आले, एक फोन आला, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही किती फोन केलेत? बहुतेक एकही नाही. वाट बघत बसलात. लेकीनं लिहिलेला प्रश्नांचा कागद घ्या, एका वहीत प्रत्येकाला अर्धं पान द्या: नाव, गल्ली किंवा गाव, काय अडलंय. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, स्वयंपाक आवरल्यावर, एकेकाला फोन. "काल तुम्ही बसच्या प्रवासाचं विचारत होता, वेळ कमी पडला, म्हणून फोन केला." एवढंच. पॅकेजचं नाव काढायचं नाही. चौदा पानांची पीडीएफ पाठवायची नाही, ती कुणी उघडत नाही. ज्यांनी काहीच विचारलं नाही त्यांनाही फोन करा, खरे गिऱ्हाईक पुष्कळदा गप्प बसलेले असतात. दोन दिवसांत हे फोन झाले नाहीत तर कार्यक्रम वाया गेला म्हणून समजा.

आणि मग चहा. पडद्यावर ओळख होते, पण कोल्हापुरात पैसे चहावर सुटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांचं बोलणं पुढं सरकलं त्यांच्या घरी जा, किंवा महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्यांना तुमच्या घरी बोलवा, 'पासपोर्ट आणि आधार घेऊन या, नावं तपासून देते' म्हणून. फुकट. ज्याच्या हातात पासपोर्ट आहे आणि तो तुमच्या सोफ्यावर बसलाय, तो माणूस जाणारच असतो. कुठं, एवढंच ठरायचं असतं.

आता गाळा. मिस्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. लोकांना भीती असते, की घरातून काम करणारी बाई पैसे घेऊन फोन बंद करून बसली तर जायचं कुठं? फक्त त्या भीतीवर राजारामपुरीचं भाडं हा महागडा उपाय झाला. समजा साठ हजारांच्या पॅकेजवर तुम्हाला माणशी पाच हजार सुटतात. दर महिन्याला भाडं, डिपॉझिट, वीज, एक पोरगी बसायला, हे निघायलाच किती माणसं पाठवावी लागतील, ते वहीच्या मागच्या पानावर मांडून बघा आणि मिस्टरांपुढं ठेवा. त्याऐवजी आधी कागद उभे करा. शॉप ॲक्टची नोंद, तुमच्यासारख्या एकटीच्या कामाला नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, ती फुकट आहे. आणि फर्मच्या नावानं करंट खातं. पैसे मिस्टरांच्या गूगल पेवर मागवत असाल तर आजपासून बंद करा. बँकेत बसून मी बघितलंय, खात्याचं नाव वेगळं दिसलं की माणसाचं बोट थांबतं. पावती छापील द्या. रद्द केलं तर किती दिवस आधी किती परत, हे मराठीत लिहून सहीसकट द्या. पॅकेज दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिचं नाव लपवू नका. 'सहल त्यांची, जबाबदारी माझी' असं सांगा, लोकांना ते कळतं. सेवा व्यवसायाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पण ती उलाढाल पूर्ण पॅकेजची धरायची की नुसत्या कमिशनची, हे बिल कुणाच्या नावानं फाटतं यावर ठरतं. हेही सीएकडून लेखी करून घ्या.

राहिला तो हरिप्रियाचा फोन. चांगुलपणा म्हणून स्वतःच्या आयआरसीटीसी आयडीवरून तिकिटं काढून दहा-वीस रुपये जास्त घेत असाल तर ते ताबडतोब थांबवा. परवान्याशिवाय रेल्वे तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अधिकृत एजन्सी घ्या, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा. पण त्या माणसाला नुसतं नाही म्हणून सोडलंत का? चार माणसं तिरुपतीला निघाली आहेत. राहणार कुठं, वर जायला गाडी कोणती, दर्शनाचं तिकीट काढलंय का, पुढं श्रीकालहस्ती करणार का, हे कुणी विचारलं? त्या कार्यक्रमातून एक गिऱ्हाईक खरोखर तुमच्याकडं चालत आलं होतं. आजच फोन करा.

तर मंगळवार, दुपारी चार, गुडघे आणि चारधाम, निमंत्रक सासूबाई. पहिल्या वेळी बारा जणी आल्या तरी पुष्कळ झालं. तारीख ठरली की मलाही लिंक पाठवा. कॅमेरा बंद ठेवून मागं बसेन, मंडळाला संकोच नको. आणि त्या रविवारच्या पासपोर्ट तपासणीला मात्र प्रत्यक्षच येणार आहे. वर जो 'राव' लिहिला ना, तो माझाच आहे.